काठ कोठून मोजावा? : भिवंडीचा खाडीपट्टा आणि बफर झोनच्या नियमांची चिकित्सा

बीजसंज्ञा : पाणथळ जमीन, बफर झोन, पूररेषा, कामवारी नदी, खारजमीन, गोदामे

प्रस्तावना

भिवंडीचे नाव घेतले की यंत्रमाग आणि गोदामे डोळ्यांपुढे येतात. पाणी सहसा येत नाही. वस्तुतः हे शहर पाण्यानेच घडविले आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण व भिवंडी ताब्यात घेतली आणि मराठी आरमाराच्या उभारणीचा आरंभ याच खाडीपट्ट्याशी जोडला जातो. शहराला लागून वाहणारी कामवारी पुढे वसईच्या खाडीला मिळते. तालुक्याच्या दक्षिणेस उल्हासची खाडी आहे. उत्तरेकडील वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या बाजूने तानसा नदी वाहते. बंदर मोहल्ला हे वस्तीचे नाव आजही गावात टिकून आहे. बंदर मात्र राहिलेले नाही.

गेल्या दोन-अडीच दशकांत नदी, खाडी व पाणथळ जमिनीच्या काठावरील बांधकामांना आवर घालण्यासाठी केंद्र व राज्य शासनाने अनेक नियम केले. न्यायालयांनी आदेश दिले. या सर्वांचा गाभा एकच आहे : पाण्याच्या काठापासून अमुक मीटरपर्यंत बांधकाम करू नये. या पट्ट्यालाच बफर झोन म्हटले जाते. नियमांवरील चर्चाही बहुधा मीटरांच्या संख्येवरच होते. पन्नास मीटर पुरेसे की शंभर हवेत, हा वाद सभागृहात व न्यायालयात सतत चाललेला असतो. भिवंडीच्या संदर्भात हे नियम वाचले असता त्याआधीचा एक प्रश्न समोर येतो. अंतर मोजायचे ते नेमके कोठून? ज्या काठापासून मोजणी सुरू होते तो काठच जेथे दरवर्षी भरावाने पुढे सरकतो, तेथे मीटरांची संख्या वाढवून काय साधणार? प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने काही प्रमुख नियमांच्या शब्दयोजनेची चिकित्सा केली आहे.

दहा वर्षांचा हिशेब

पाणथळ जमिनी (संवर्धन व व्यवस्थापन) नियम प्रथम 4 डिसेंबर 2010 रोजी आले. त्यांची जागा 26 सप्टेंबर 2017 च्या नव्या नियमांनी घेतली. दोन्ही नियमांतील चौथा नियम पाणथळ जमिनीत कोणती कृत्ये निषिद्ध आहेत ते सांगतो. त्यातील कायमस्वरूपी बांधकामाविषयीचा खंड दोन्हींत जवळजवळ सारखाच आहे. नियम अंमलात आल्याच्या दिनांकापासून मागील दहा वर्षांत आढळलेल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून 50 मीटरच्या आत, होड्यांचा धक्का वगळता, कायमस्वरूपी बांधकाम करता येणार नाही, असा त्याचा आशय आहे.

वाक्य तेच राहिले, परंतु नियमांची तारीख बदलताच त्याचा अर्थ बदलला. 2010 च्या नियमांनुसार मागील दहा वर्षे म्हणजे डिसेंबर 2000 ते डिसेंबर 2010. या काळात 26 जुलै 2005 चा दिवस येतो. त्या एका दिवसाच्या पावसाची सांताक्रूझ येथील नोंद 944 मिलिमीटर होती. मिठी, उल्हास व कामवारी या नद्यांच्या काठी राहणाऱ्या माणसांसाठी आजही पुराचे माप तोच दिवस आहे. 2017 च्या नियमांनुसार मागील दहा वर्षे सप्टेंबर 2007 पासून सुरू होतात. म्हणजे 2005 हे वर्ष हिशेबातून गळाले. ज्या पुराने कोकणपट्टीतील नगररचनेला सर्वांत मोठा धडा दिला, तोच पूर काठ ठरविताना विचारात घेण्याची गरज उरली नाही. 27 जुलै 2019 रोजी उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकून हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. तो पूर या मुदतीनंतरचा. जुलै 2021 मधील पूरही नंतरचाच. अशा रीतीने दोन मोठ्या पुरांच्या मधली तुलनेने शांत वर्षे नियमाने काठ ठरविण्यासाठी निवडली. हे जाणूनबुजून झाले असे मानण्यास आधार नाही. जुने वाक्य नव्या मसुद्यात उतरवून घेताना तारखेचा परिणाम कोणी तपासला नसावा, इतकेच म्हणता येते; आणि कायद्याच्या भाषेतील निष्काळजीपणाचे मोल पाणी वाढल्यावरच कळते.

त्यातही शब्द आहे ‘सरासरी’. पुराची सरासरी काढणे ही कल्पनाच विचित्र आहे. घरात शिरणारे पाणी सरासरीने शिरत नाही.

या मुद्द्याला एक आक्षेप घेता येईल. एम. के. बालकृष्णन विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 8 फेब्रुवारी 2017 रोजी, उपग्रह-नकाशावर आलेल्या 2,01,503 पाणथळ जागांना 2010 च्या नियमांतील चौथ्या नियमाच्या तत्त्वानुसार संरक्षण देण्याचा आदेश दिला होता. त्यामुळे या जागांपुरता तरी 2010 चा हिशेब, म्हणजेच 2005 चा पूर, लागू होतो असा युक्तिवाद शक्य आहे आणि तो व्हावयास हवा. परंतु हा आकडा ज्या राष्ट्रीय पाणथळ नकाशासंग्रहातून आला, त्यात सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या जागा मोजलेल्या आहेत. 11 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना प्रत्यक्ष जागेवर पडताळणी व सीमांकन पूर्ण करण्यास सांगितले तेव्हा ही संख्या 2,31,195 झाली होती. मोजपट्टी मात्र सव्वादोन हेक्टरांचीच राहिली. कोकणातील गावतळी, खाजणाचे सुटे तुकडे, बांधाआड साचणारी डबकी यांतील कितीतरी जागा या आकारमानाच्या खालच्या आहेत.

व्याख्येबाहेरची जमीन

अंतराचा प्रश्न येण्यापूर्वी व्याख्येचा प्रश्न येतो. 2017 च्या नियमांतील पाणथळ जमिनीच्या व्याख्येतून नदीपात्र वगळले आहे. भातशेती वगळली आहे. पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी, मिठासाठी व मनोरंजनासाठी माणसाने खास बांधलेले जलाशयही वगळले आहेत. देशाच्या इतर भागांत या वगळण्यामागे काही तर्क असेल. भिवंडी तालुक्याच्या खाडीकाठी ही यादी लावून पाहिली तर उरते काय?

काल्हेर, कशेळी, कोपर, पूर्णा, अंजूर, वेहेळे या गावांच्या पट्ट्यात आगरी-कोळी समाजाने कित्येक पिढ्या खारजमीन राखली. भरतीचे पाणी बांधाने अडवायचे, पावसाचे साचलेले पाणी उघाडीतून ओहोटीला बाहेर सोडायचे, खारेपण धुऊन निघाल्यावर भात लावायचा, अशी ही पद्धत. शासनाने तिची दखल 1948 च्या खारजमीन कायद्याने घेतली व 1979 मध्ये खारजमीन विकास अधिनियम केला. ही जमीन शेतीही होती आणि पाणथळही. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवी, उन्हाळ्यात तीत मासळी व पाखरे असत. बांध आणि उघाडी यांच्यामध्ये पाणी किती काळ राहील हे माणूस ठरवीत असे, म्हणून ती नैसर्गिक नव्हे. आणि तिच्यात भात होई, म्हणून ती पाणथळ नव्हे. कायद्याने तिला एकाच खान्यात बसवावयाचे ठरविले आणि ज्या खान्यात बसविले तेथे संरक्षण नव्हते.

कामतघर भागातील वऱ्हाळदेवी तलावाचे उदाहरण याहून सोपे आहे. शहराच्या काही भागाला तो पाणी पुरवितो. तो पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला मानला तर व्याख्येबाहेर जातो. नैसर्गिक मानला तर शासनाने अधिसूचित करीपर्यंत नियमांच्या कक्षेत येत नाही. कारण 2017 चे नियम रामसर दर्जाच्या व अधिसूचित पाणथळ जागांनाच लागू होतात. महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि 2022 मध्ये ठाणे खाडी यांना रामसर दर्जा मिळाला. ठाणे खाडीचा मान योग्यच आहे. परंतु त्या खाडीशी पाण्याने जोडलेल्या उल्हासच्या पलीकडच्या काठावर नियम बदलतो. पाण्याला ही सीमा ठाऊक नाही.

गोदाम हा उद्योग नव्हे

नद्यांच्या बाबतीत महाराष्ट्राने स्वतंत्र धोरण केले होते. 2000 मध्ये नदी नियमन क्षेत्र धोरण आले व 2009 मध्ये ते सुधारण्यात आले. पाण्याच्या वापरानुसार नद्यांचे वर्ग पाडून, त्या त्या वर्गानुसार काठापासून ठरावीक अंतरापर्यंत उद्योगांना मनाई किंवा मर्यादा होती. लाल, नारिंगी, हिरवा अशी उद्योगांची प्रदूषणानुसार वर्गवारी त्यासाठी वापरली जाई. फेब्रुवारी 2015 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हे धोरण रद्द केले. प्रदूषण नियंत्रणाचे कायदे पुरेसे आहेत आणि या धोरणामुळे उद्योग अडकून पडतात, असे त्यामागील समर्थन होते. पर्यावरण क्षेत्रातून या निर्णयावर टीका झाली आणि ती रास्त होती. 2018 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले तेव्हा त्यांतील 53 महाराष्ट्रातील होते, सर्व राज्यांत सर्वाधिक. पुरेशा म्हणविल्या गेलेल्या कायद्यांची ही फलश्रुती.

तथापि भिवंडीपुरते बोलायचे तर हे धोरण लागू असतानाही मुख्य प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर होता. शहरातील डाइंग व सायझिंगच्या कारखान्यांना ते लागू पडे. गोदामांना नव्हे. गोदामात काही उत्पादन होत नाही, धुराडे नसते, नळीतून रंगीत पाणी बाहेर पडत नाही. म्हणून ते उद्योगांच्या रंगसूचीत बसत नाही. मुंबईच्या जकातहद्दीबाहेर पण महामार्गालगत असल्यामुळे भिवंडी तालुक्यात गोदामे वाढली. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर आला, जकात गेली, तरी गोदामे गेली नाहीत, उलट ऑनलाइन व्यापारामुळे ती अधिक मोठी झाली. गोदामाची जमीन ट्रकच्या फाळक्याला भिडेल अशी उंच लागते. भोवती अवजड वाहने वळविण्यासाठी कठीण आवार लागते. त्यामुळे मुरूम, माती व राडारोडा टाकून भातखाचरे भरली गेली. नदीचे नुकसान केवळ मैल्याने होते असे समजणारे धोरण या भरावाकडे पाहूच शकत नव्हते. नदीची पसरण्याची जागा गेली, आणि त्यासाठी कोणत्याही प्रदूषणाची गरज पडली नाही.

2007 मध्ये भिवंडी परिसरातील गावांसाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली; आज या अधिसूचित क्षेत्रात 60 गावे आहेत. तरीही ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर उभ्या राहिलेल्या गोदामांचा प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. येथे एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. मिठीच्या मुखाजवळची दलदल भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभारणारे प्राधिकरण हेच. 2005 नंतर मिठीबाबत जे प्रश्न विचारले गेले, ते कामवारीबाबत विचारण्यासाठी त्याच्याइतका अनुभव दुसऱ्या कोणत्याही संस्थेपाशी नाही.

जोत्याची उंची

राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने (2020) पूररेषांना स्थान दिले, ही जमेची बाजू आहे. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, ही जलसंपदा विभागाची जुनी संकल्पना. काठापासून निळ्या रेषेपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित. तेथे बाग, वाहनतळ, स्मशान यांसारखे वापर चालतात. निळ्या व लाल रेषेच्या मध्ये बांधकाम चालते, परंतु जोते लाल पूररेषेच्या 0.45 मीटर वर हवे.

पाणथळ नियमांतील ‘सरासरी’पेक्षा ही कल्पना निश्चितच शास्त्रीय आहे. मात्र जोत्याची अट बारकाईने वाचली पाहिजे. ती इमारतीचे पाण्यापासून रक्षण करते. शेजाऱ्याचे इमारतीपासून करीत नाही. एका भूखंडाचे जोते वर गेले की तेथे मावणारे पाणी लगतच्या खालच्या जमिनीवर जाते. एकट्या घरापुरता हा परिणाम नगण्य असेल. काही एकरांचे गोदाम भराव घालून उचलले जाते तेव्हा ते नगण्य राहत नाही. पावसाळ्यात कामवारीचे पाणी ईदगाह रोड व तीनबत्ती परिसरातील वस्तीत चढते, तेव्हा त्या वस्तीचे जोते कोणत्याच रेषेच्या वर नसते. नियमाने उंचीची अट घातली, ती ज्यांना उंची परवडते त्यांच्यासाठी. शिवाय ही सर्व व्यवस्था पूररेषा आखलेल्या नदीसाठी आहे. मोठ्या नद्यांकडे सर्वेक्षणाचे लक्ष आधी जाते. कामवारीसारख्या लहान व शेवटी खाडीत मिसळणाऱ्या नदीत पूर आणि भरती एकाच वेळी आली तर काय होते, हे नदीच्या विसर्गावरून आखलेली रेषा सांगू शकत नाही.

खाडीच्या भागासाठी सागरी नियमन क्षेत्राची अधिसूचना आहे. 2011 च्या अधिसूचनेत खाडीकाठी 100 मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी कमी असेल ते अंतर होते. 2019 मध्ये त्याचे 50 मीटर झाले. भरतीचा प्रभाव कोठे संपतो हे कोरड्या काळातील पाण्याच्या खारेपणावरून, दर हजारी 5 भाग या मापाने ठरते. ज्या नदीत उन्हाळ्यात वाहणारे बहुतेक पाणी शहराचे सांडपाणीच असते, तेथे हे माप निसर्गाचे राहत नाही. सांडपाणी वाढले की खारेपण कमी होणार आणि नियमन क्षेत्राची हद्द खाडीकडे सरकणार.

उच्च न्यायालयाने 17 सप्टेंबर 2018 च्या निकालात खारफुटीला व तिच्याभोवतीच्या 50 मीटर पट्ट्याला राज्यभर संरक्षण दिले. खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग ठरविणारा हा निकाल आतापर्यंतच्या सर्व उपायांत सर्वांत ठाम आहे. पण येथेही काठ जिवंत झाडांचा आहे. भरतीचे पाणी अडवून झाडे वाळविली की काठ नाहीसा होतो, आणि त्यापासून मोजायचे 50 मीटरही.

मीटरांचा वाद

बंगळूरूचे प्रकरण या संदर्भात उद्बोधक आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 4 मे 2016 रोजी तेथील तलावांभोवती 75 मीटरचा पट्टा राखण्याचा आदेश दिला. शहराच्या आराखड्यात तो 30 मीटर होता. नाल्यांसाठी न्यायाधिकरणाने अंतर नाल्याच्या मध्यापासून न मोजता कडेपासून मोजावयास सांगितले. 5 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा भाग रद्द केला. वैधानिक आराखड्यातील पट्टे बदलण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला नाही, हे त्याचे कारण. या निकालावरील चर्चा 75 विरुद्ध 30 अशी झाली. मध्य की कड, हा अधिक मूलगामी प्रश्न मागे पडला.

काठावरच्या जमीनमालकाचा विचार न करता ही चिकित्सा एकांगी होईल. खारजमिनीतील भाताने घर चालत नाही, हे शेतकऱ्याचे म्हणणे खोटे नाही. बांध फुटला, उघाडी गंजली, शेत खारावले, तेव्हा दुरुस्तीसाठी त्याने अर्ज केले; गोदामाचे भाडे दरमहा येऊ लागले. रस्त्यासाठी जमीन घेतली तर मोबदला मिळतो. पुराचे पाणी सामावून घेण्यासाठी तीच जमीन मोकळी ठेवा म्हटले तर मिळते फक्त मनाई. संपूर्ण शहराचा पूर ज्याच्या शेताने पोटात घ्यावयाचा त्याला त्याबद्दल काही द्यावे, असा एकही खंड वरील नियमांत नाही. नियम मोडले जातात याचे एक कारण लोभ असेल. हे दुसरे कारण आहे.

काठ ठरविण्यासाठी लागणारी माहिती मात्र शासनापाशीच आहे. प्रत्येक पुरानंतर तलाठी (2024 पासून ग्राम महसूल अधिकारी) घरोघर व शेतोशेत पंचनामे करतो. कोणत्या गट क्रमांकात पाणी शिरले, कोणते घर पडले, किती पीक गेले हे त्यात पंचांच्या सह्यांनिशी लिहिलेले असते, कारण त्यावर अनुदान अवलंबून असते. 2005, 2019 व 2021 चे पंचनामे एकत्र मांडले तर पाणी कोठवर आले होते याचा गटवार नकाशा तयार होईल. त्याला उपग्रहाची गरज नाही आणि दहा वर्षांची अटही नाही. भराव होण्यापूर्वीचा काठही त्यांतून हाती लागेल. परंतु बांधकाम परवानगीच्या अर्जासोबत सातबारा, मोजणी नकाशा व ना-हरकत दाखले मागितले जातात, पंचनामा मागितला जात नाही. पूरग्रस्त म्हणून ज्या गटाची नोंद महसूल दप्तरात झाली, त्याच गटावर नियोजन प्राधिकरण परवानगी देऊ शकते, आणि दोन्ही कागद आपापल्या कार्यालयात नियमानुसारच असतात.